स्वयंपाकघरातून गेलेले मडके विधींत कसे टिकले?

सह्यपांथ:

नमस्कार मंडळी. भोर, वेल्हे, मुळशी आणि घाट उतरून पलीकडे महाड-पोलादपूर या पट्ट्यातल्या घरांत हल्ली एक विसंगती सर्रास दिसते. चुलीवर अॅल्युमिनियमचे पातेले असते, आंबील स्टीलच्या डब्यात आंबवली जाते, पाणी प्लॅस्टिकच्या पिंपात साठवले जाते आणि उंबऱ्याशी अर्धा पुरलेला रांजण असला, तर त्यात कोंबड्यांचे दाणे असतात. त्याच घरात नवरात्राला मात्र घट मातीचाच लागतो, संक्रांतीला सुगड मातीचेच लागते, आणि घरात कोणी गेले तर पहिला निरोप जाणाऱ्यांत कुंभारही असतो. रोजच्या वापरातून मडके जवळजवळ हद्दपार झाले, पण जन्म-लग्न-मरणाच्या विधींतून ते हलले नाही.

माझा प्रश्न असा, की हे निव्वळ श्रद्धेमुळे झाले, की त्या विधींच्या रचनेतच असे काही आहे, ज्यामुळे मडक्याला पर्याय सापडला नाही? आणि दुसरे म्हणजे, या टिकून राहिलेल्या मागणीमुळे डोंगरपट्ट्यातला कुंभार खरोखर तगला का? आपापल्या भागात पाहिलेले, वापरलेले लिहावे. ‘जुने ते सोने’ एवढेच म्हणायचे असेल, तर ते आम्ही गृहीत धरले आहे.

तिरकस:

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. देवाला सकाळी साडेसातच्या आत तीन डबे भरून द्यायचे नसतात.

भूजल:

तिरकस यांचा मुद्दा मान्य करूनही घटस्थापनेपुरते एक कारण सांगतो, आणि त्याचा श्रद्धेशी संबंध नाही. परडीत किंवा पत्रावळीवर शेतातली काळी माती पसरतात, तीत धान्य पेरतात आणि मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवतात. कमी आचेवर भाजलेल्या मडक्याच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पाणी अखंड पाझरते आणि भोवतालची माती नऊ दिवस ओलसर राहते. धान्य उगवते ते या पाझरावर. घटाजवळचे अंकुर आधी आणि उंच येतात, कडेचे मागे राहतात, हे कोणीही घरी पाहू शकेल. म्हणजे घट तिथे केवळ प्रतीक म्हणून बसलेला नसतो, तो शेताला पाणी देत असतो.

माठाचे पाणी गार होते तेही याच छिद्रांमुळे. पृष्ठभागावर आलेले पाणी बाष्प होताना आतल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. बाहेरून येणारी उष्णता हिशेबात धरली नाही, तर एक लिटर पाणी १० अंशांनी गार व्हायला जेमतेम १७-१८ मिलिलिटर पाणी उडून जावे लागते. त्यामुळे कोरड्या हवेच्या विदर्भात माठ जितका उपकारक ठरतो, तितका दमट कोकणात ठरत नाही. सह्याद्रीच्या दोन बाजूंना एकच माठ दोन तऱ्हांनी वागतो.

तिरकस:

आमच्या घरी घट तांब्याचा असतो आणि धान्य तरीही उगवते. देवी भौतिकशास्त्राच्या बाहेरची असावी.

भूजल:

तिरकस, मग तुमच्या घरी रोज सकाळी कोणीतरी परडीत पाणी शिंपडत असणार. चौकशी करून पाहावी. बहुधा ते काम तुमच्याकडे नसावे.

अलिबागहूनच_आलोय:

सह्यपांथ यांच्या ‘हद्दपार’ या शब्दाला आमच्या रायगड जिल्ह्यातर्फे हरकत नोंदवतो. आमच्याकडे मडके अजून अन्न शिजवते आणि तेही असे, की दुसरे भांडे तिथे चालतच नाही. थंडी पडली आणि गावठी वालाच्या शेंगा भरल्या, की पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा पाला दाबून बसवायचा. मग मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मधेमधे बटाटे, रताळी, अंडी, आणि खाणाऱ्यांचे घर असेल तर मसाला लावून पाल्यात गुंडाळलेली कोंबडी भरायची. तोंडही पाल्याने घट्ट बंद करायचे, मडके शेतात उलटे ठेवायचे आणि भोवताली पेंढा, पाचोळा, काटक्या रचून पेटवून द्यायच्या. आत पाण्याचा थेंबही घालत नाहीत. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सगळे वाफवते. झाले की नाही हे पाहायची आमची रीत म्हणजे मडक्यावर पाण्याचा शिपका मारायचा, चर्र होऊन पाणी क्षणात उडाले की जाळ ओढून घ्यायचा.

ॲल्युमिनियमच्या डब्यात हा प्रयोग करणारे पाहुणे आम्ही पाहिलेले आहेत. त्यांच्या शेंगा एका बाजूने कोळसा आणि दुसऱ्या बाजूने हिरव्या निघाल्या. मडक्याची जाड भिंत आच हळू आत सोडते आणि सगळीकडे सारखी पसरवते, हे त्या दिवशी सर्वांना पटले. सांगायचा मुद्दा असा, की दर हिवाळ्यात पोपटीसाठी मडकी विकली जातात आणि आमच्याकडच्या कुंभाराचा तो हंगाम असतो.

निरीक्षक_जुना:

धागा चांगला आहे. मी मरणाच्या बाजूने लिहितो, कारण तिथे मडक्याचा नेमका उपयोग काय, हे फारसे कोणी बोलत नाही. अंत्ययात्रेपुढे विस्तव नेतात तो मातीच्या भांड्यात. चितेभोवती फिरताना खांद्यावरच्या पाण्याच्या मडक्याला दगडाने छिद्र पाडतात, एकेका फेरीला एकेक, आणि शेवटी ते मडके मागे टाकून फोडतात. या विधीला फुटणारे भांडे हवे असते. स्टीलचा तांब्या मागे टाकला, तर तो पोचा पडून घरी परत येईल, आणि जे परत यायला नको तेच परत आल्यासारखे होईल. सह्यपांथ यांनी विचारलेली विधीची रचना ती हीच. पक्के, टिकाऊ, धुऊन पुन्हा वापरता येणारे भांडे इथे कुचकामी ठरते.

जुन्या गावगाड्यात कुंभार बारा बलुतेदारांपैकी होता आणि त्याची गणना मधल्या ओळीत होई. सुगीला खळ्यावर त्याचे बलुते ठरलेले असे. त्याबदल्यात वर्षाची गाडगी-मडकी, लग्नाच्या उतरंडी आणि मर्तिकाची भांडी त्याने द्यायची. घाटाखालच्या काही कुणबी गावांत दिवसकार्याला कुंभार येऊन डाक वाजवत असे, गेलेल्याला वाट मिळावी म्हणून. म्हणजे तो भांडी पुरवून मोकळा होत नसे, विधीत स्वतः उभा राहत असे. बलुते गेले, पैशाचा व्यवहार आला, पण ही दारची हजेरी बऱ्याच ठिकाणी राहिली.

उत्खननप्रेमी:

निरीक्षक_जुना यांच्या प्रतिसादाला एक फार जुना दुवा जोडतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातल्या त्या वस्तीत घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आणि त्यांच्या आत मूल. भांडी भाजायची भट्टीही तिथे मिळाली. त्याच संस्कृतीला जिच्यामुळे नाव मिळाले, ती जोर्वे गावची तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली मृद्भांडी संगमनेर तालुक्यातली आहेत. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीही मृत्यूच्या वेळी मडके जवळ होते, एवढेच म्हणतो. त्या प्रथेची आणि आजच्या प्रथेची सलग साखळी आहे, असे मात्र कोणी समजू नये.

चाकावरची:

बराच वेळ वाचत होते, आता राहवत नाही. माझे माहेर कुंभाराचे, जावळीच्या डोंगरांच्या पायथ्याला. वरचे सगळे प्रतिसाद मडके विकत घेणाऱ्यांच्या बाजूचे आहेत, म्हणून विकणाऱ्यांच्या बाजूने लिहिते.

आधी काम कसे चालते ते सांगते. तळ्यातली किंवा ओढ्याकाठची चिकण माती उन्हाळ्यात काढून साठवायची. ती फोडायची, चाळायची, भिजवायची आणि पायांनी तुडवायची. तुडवताना तीत लीद आणि राख मिसळायची, म्हणजे वाळताना तडा जात नाही आणि भाजताना लीद जळून जागोजाग बारीक पोकळी राहते. भूजल यांनी सांगितलेला पाझर काही अंशी त्या लीदेची कमाई आहे. चाकावर जे उतरते ते मडके नव्हेच. गळा आणि काठ पूर्ण झालेला, पण अंगाने जाड आणि बुडाशी उघडा असा तो एक नळा असतो. तो थोडा आवळला, की आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत अंग पातळ करायचे, पोट फुगवायचे आणि बूड मिटवायचे. गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी ज्याने तपासल्याची कथा आहे, तेच हे थापटणे. एका बैठकीत हे होत नाही. ठोकायचे, सावलीत ठेवायचे, पुन्हा ठोकायचे. चाक पुरुषांचे आणि ठोकणे बहुतेक वेळा बायकांचे. चाकाचा फोटो सगळे काढतात, आणि ज्या हातांनी मडक्याला पोट दिले ते फोटोच्या बाहेर राहतात. आमच्या आईच्या उजव्या मनगटाला त्या ठोकण्याने कायमचे दुखणे लागले.

मग काव लावून घोटायचे आणि आवा रचायचा. खाली शेणी, त्यावर मडकी पालथी-आडवी, फटींत पुन्हा शेणी आणि काटक्या, वरून पेंढा, त्यावर खापरांचे तुकडे आणि राखेचा थर. संध्याकाळी आग द्यायची. वारा एका अंगाने लागला, तर त्या अंगाची मडकी तडकतात आणि दुसऱ्या अंगाची कच्ची राहतात. काळी मडकी हवी असतील, तर शेवटी सगळ्या फटी बुजवून धूर आत कोंडायचा. आमच्याकडे जूनपासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत पाऊस मोठा आवा लावूच देत नाही, त्यामुळे घटांची मडकी उन्हाळ्यातच भाजून माळ्यावर ठेवावी लागतात.

आता सह्यपांथ यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. विधींमुळे मडके टिकले, हे खरे. विधींमुळे कुंभार टिकला, हे अर्धेच खरे. सुगड, पणती, बोळके, घट ही सगळी लहान कामे आहेत. ती साच्यातूनही निघतात आणि संक्रांतीच्या आधी बाहेरून ट्रक भरून येतात. गिऱ्हाईक पाच सुगडांच्या किमतीत घासाघीस करते आणि त्यांचा वापर एका दिवसाचा असतो. कुंभाराचे कसब लागते ते रांजणाला, मोठ्या डेऱ्याला, स्वयंपाकाच्या पातळ बुडाच्या मडक्याला. ती मागणी गेली. माझे वडील कमरेइतका रांजण दोन टप्प्यांत जोडून उभा करत, माझ्या भावाला तो येत नाही, कारण त्याच्या हयातीत तो कोणी मागितलाच नाही. विधीने वस्तू राखली, हात राखला नाही.

सह्यपांथ:

चाकावरची, हा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा मोलाचा आहे. ‘विधीने वस्तू राखली, हात राखला नाही’ या वाक्यावर पुढची चर्चा व्हावी असे वाटते. एक शंका आहे. घाटमाथ्यावरच्या वाड्या-वस्त्यांत मला कुंभाराचे घर क्वचितच दिसले. ते पूर्वी होते आणि उठून गेले, की मुळातच नव्हते?

अकोले_अकोला_नव्हे:

(नावाबद्दल: होय, दरवेळी सांगावे लागते. अहिल्यानगर जिल्ह्यातले अकोले.)

सह्यपांथ, आमच्या डोंगरात तरी कुंभार मुळातच विरळ. चिकण माती साठायला सपाटी आणि संथ पाणी लागते, आणि इथे उतारावरचा पाऊस माती राहू देत नाही, खाली मुरूम आणि कातळ. त्यामुळे महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांना मडकी खालूनच येत. जुनी माणसे सांगतात, की कुंभार गाढवांवर मडकी लादून पाऊस उघडल्यावर वर येई आणि मडक्याची किंमत म्हणजे त्या मडक्यात मावेल तेवढे भात किंवा नागली. नंतर लोक राजूरच्या आठवडे बाजारातून आणू लागले. इतक्या लांबून आणलेली वस्तू फुटू नये म्हणून डोंगरातली माणसे मडके जपून वापरत आणि जिथे जमेल तिथे दुसरे काही वापरत. धान्याला शेणाने सारवलेली बांबूची कणगी, पाण्याला वाळवलेल्या भोपळ्याचा तुंबा, दूध-तुपाला लाकडाची भांडी. डोंगरी राहणीत मडके सगळीकडे होते असे चित्र आपण रंगवतो, ते सपाटीवरच्या गावांचे आहे.

आमच्याकडे वाघबारशीला रानात वाघोबाच्या ठिकाणी नैवेद्य शिजवतात. त्यासाठी नवे मडके आणायची पद्धत आमच्या वाडीत होती. आता पातेले नेतात, आणि वाघोबाने अद्याप तक्रार केलेली नाही.

तिरकस:

वाघोबाची तक्रार नोंदवायला कोणी परत आले नसेल.

खानदेशकन्या:

सातपुड्याच्या पायथ्याकडून हजेरी लावते. आमच्याकडे खापर आहे आणि त्याला पर्याय नाही. पुरणाचे मांडे हातावर झेलून झेलून पसरवायचे आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मोठ्या खापरावर अलगद टाकायचे. लोखंडाच्या तव्यावर मांडा टाकला, की पुरणाच्या जागी लगेच करपतो आणि कडा कच्च्या राहतात. लग्नकार्यांत मांडे करणाऱ्या बायकांना बोलावतात तेव्हा त्या खापर बोटाच्या टिचकीने वाजवून घेतात. आवाज भरीव खणखणीत आला तर ठीक, बसका आला तर आत चीर आहे, असे समजून बाजूला ठेवतात.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात आणि तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. ऐन वैशाखात पाण्याने भरलेली नवी घागर दान करणे, यात शहाणपण आहेच. पण चाकावरची म्हणतात ते खरे आहे. घागर छोटी छोटी होत चालली आहे. पूर्वी दान केलेल्या घागरीतून घर पाणी पीत असे, आता ती पूजेपुरती वीतभर आणतात.

डिचोलीकार:

गोव्याकडून एक भर घालतो, कारण आमच्याकडे कुंभाराचे मडके गाते. घुमट हे वाद्य म्हणजे दोन्हीकडे तोंड असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणून बसवतात आणि लहान तोंड हाताने उघडझाप करून आवाज घुमवतात. पूर्वी चामडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाल्यावर वाजवणाऱ्यांची पंचाईत झाली, आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. गणपतीच्या आरत्या आमच्याकडे घुमटाशिवाय उभ्या राहत नाहीत.

इथे चाकावरची यांच्या म्हणण्याला थोडा छेद जातो. घुमटाचा आकार आणि भिंतीची जाडी चुकली, तर ते वाजत नाही, त्यामुळे ऐऱ्यागैऱ्या साच्याचे काम चालत नाही. मागणी विधीचीच आहे, पण ती कसब मागणारी आहे.

चाकावरची:

डिचोलीकार, तुमचे उदाहरण माझ्या बाजूचेच आहे. वाजवणारा माणूस भांडे पारखून घेतो, म्हणून कुंभाराचा हात राहतो. सुगड कोणी पारखत नाही. खानदेशकन्यांच्या खापरालाही हेच लागू आहे, टिचकी मारून घेणारी बाई आहे तोवर खापर करणारा आहे.

अटलांटाकर:

मी अमेरिकेत जॉर्जिया राज्यात राहतो. इथल्या उत्तरेकडच्या डोंगरांत हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला आहे, म्हणून लिहितो. व्हाइट परगण्यात मॉसी क्रीक नावाचा भाग आहे, तिथे शेती करता करता मडकी करणारी घराणी होती. लोणी घुसळायचे उंच डेरे, काकवीचे आणि दारूचे सुरईसारखे बुधले, मांस-भाज्या खारवून ठेवायच्या बरण्या, असा सगळा घरगुती माल. यांची भट्टी म्हणजे जमिनीत अर्धी गाडलेली लांबट, बुटकी सुरुंगासारखी रचना. लाकूड जाळून तिची आच साधारण १२५० अंशांच्या पुढे नेत. लाकडाची राख आणि माती कालवून लेप द्यायचे, तो वितळून हिरवट-तपकिरी काचेसारखा ओघळे. त्यामुळे ती भांडी पाझरत नाहीत, भूजल यांचा घट तिथे नापास झाला असता.

१९०८ पासून जॉर्जियात दारूबंदी आली आणि बुधल्यांची मागणी आटली. पुढे काचेच्या बरण्या, पत्र्याचे डबे आणि शीतकपाट यांनी उरलेली भांडी संपवली. मीडर्स हे तिथले एक घराणे, त्यांचा कारखाना १८९० च्या दशकातला. १९६७ मध्ये स्मिथसोनियन संस्थेची माणसे तिथे चित्रीकरणाला आली. त्यानंतर लॅनियर मीडर्स यांनी माणसाचा चेहरा असलेले बुधले घडवणे मुख्य काम म्हणून हाती घेतले. डोळे वटारलेले, दात विचकलेले असे ते बुधले संग्राहकांनी उचलून धरले आणि १९८३ मध्ये लॅनियर यांना लोककलेसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २००६ मध्ये जवळच साउटी-नाकूची येथे केवळ या मडक्यांचे संग्रहालय उघडले. त्यांच्याकडे विधी नव्हता, पण संग्राहक भेटला आणि कला जगली. आपल्याकडे तसे का होऊ नये?

कोल्हापुरी_ठसका:

अटलांटाकर, आपल्याकडेही थोडे होत आहे. राजस्थानातल्या मोलेला गावचे देवतांचे मातीचे फलक मुळात आदिवासी देवळांत बसवायला करत, आता ते शहरी भिंतींवर दिसतात. मणिपूरच्या डोंगरातले लोंगपीचे काळे भांडे तर चाकाशिवाय, दळलेला दगड आणि माती एकत्र मळून हातांनी घडवतात. ते भट्टीतून तापलेले काढून पाल्याने घासले, की त्याला काळी झिलई येते. ते महाग विकले जाते, आणि मुख्य म्हणजे चुलीवर चढते. म्हणजे संग्राहक आणि स्वयंपाकघर दोन्ही साधले.

सरकारी योजनाही आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत कुंभार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. विजेच्या चाकाने वेळ वाचतो आणि मांड्या-खांद्यांचे हाल कमी होतात.

चाकावरची:

कोल्हापुरी_ठसका, विजेचे चाक आमच्या घरी आहे आणि त्याला नावे ठेवणार नाही. पण अडचण चाकाशी नाही, चाकाच्या आधी आणि नंतर आहे. आधी माती. ज्या तळ्यातून माती घेत होतो त्याच्या काठावर कुंपण पडले, आत शेतघरे झाली. उरलेली माती वीटभट्ट्या नेतात, आणि त्यांच्यात आमचीच माणसे आहेत, कारण विटेला बाराही महिने गिऱ्हाईक आहे. नंतर जळण. घरोघरची जनावरे कमी झाली, शेणी विकत आणाव्या लागतात. एका आव्याचे जळण मडक्यांच्या विक्रीत निघेल याची खात्री नसते. ‘कुंभाराची सून आज ना उद्या उकिरड्यावर येणारच’ अशी म्हण आहे ना, तीतला उकिरडाच आता गावात उरलेला नाही, सुनेने यावे कुठे?

अटलांटाकर यांच्या प्रश्नाला उत्तर असे, की शहरातल्या दिवाणखान्यात ठेवायला रांजण नेणारे लोक भेटतात आणि पैसे बरे देतात. आम्ही त्यांना नाही म्हणत नाही. पण त्यांना तो ‘गावठी दिसणारा’ हवा असतो. एकाने भावाला कडा मुद्दाम वाकडी ठेवायला सांगितली. आयुष्यभर कडा सरळ यावी म्हणून धडपडलेल्या वडिलांनी ते ऐकले आणि काही न बोलता बाहेर जाऊन बसले.

निरीक्षक_जुना:

वाकड्या कडेचा प्रसंग फार बोलका आहे. संग्राहकाची मागणी कसब राखते असे अटलांटाकर म्हणतात, पण ती कसबाला वळणही लावते. जॉर्जियातही डेरा मागणारे गेले आणि चेहऱ्याचे बुधले मागणारे आले, म्हणजे जे टिकले ते वेगळेच काहीतरी आहे.

अटलांटाकर:

निरीक्षक_जुना, काही प्रमाणात मान्य. पण राख-मातीचा लेप तोच आहे, लाकडाची भट्टी तीच आहे, आणि बापाकडून मुलाकडे गेलेला हात तोच आहे. वस्तू बदलली, हात राहिला. तुमच्याकडे नेमके उलटे झाले आहे. दोन्हींपैकी एकच निवडायचे असेल, तर मी हात निवडेन.

खानदेशकन्या:

दोघांच्या मधला रस्ता स्वयंपाकघरातून जातो असे मला वाटते. हल्ली मातीच्या भांड्यांत आमटी-भात करण्याची आवड वाढली आहे. मात्र मी शहरातल्या एका दुकानातून घेतलेले चकचकीत काळे मडके पहिल्याच दिवशी चुलीवर तडकले आणि पाण्याला रंगाचा वास येत होता. ते धुराने काळे नव्हते, वरून रंगवलेले होते. खरे कसे ओळखावे?

चाकावरची:

खानदेशकन्या, खापर वाजवून घेता तसेच मडके वाजवून घ्या. ओल्या फडक्याने बाहेरून पुसा, रंग फडक्याला लागला तर घेऊ नका. धुराने काळे झालेल्या मडक्याचा काळेपणा भिंतीत मुरलेला असतो, काठाला खरवडले तरी आत काळेच दिसते. बूड हाताने चाचपा. स्वयंपाकाच्या मडक्याचे बूड गोल आणि अंगाइतकेच पातळ हवे, सपाट जाड बूड कुंडीचे. घरी आणल्यावर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तांदळाची पातळ पेज त्यात मंद आचेवर उकळा. पेजेतला स्टार्च छिद्रांत बसतो आणि पाझर कमी होतो. रिकामे मडके आचेवर ठेवू नका आणि तापलेल्यात गार पाणी ओतू नका. साबणाने घासू नका, राखेने घासा.

भूजल:

पेजेचे कारण बरोबर आहे. पण पाण्याच्या माठाला मात्र हा उपचार करू नये, छिद्रे बुजली तर पाणी गार होणार नाही.

सह्यपांथ:

मूळ प्रश्नांकडे येतो. पहिल्याचे उत्तर निरीक्षक_जुना आणि भूजल यांच्या प्रतिसादांतून बरेचसे मिळाले. विधीत जिथे मडक्याचे पाझरणे किंवा फुटणे हेच काम आहे, तिथे त्याला पर्याय मिळाला नाही, आणि जिथे ते नुसते भांडे होते, तिथे वाघोबाच्या नैवेद्यापर्यंत पातेले पोहोचले. दुसऱ्या प्रश्नाबाबत चाकावरची आणि अटलांटाकर यांचे मतभेद मिटलेले नाहीत आणि ते मिटवायची मला घाई नाही. चाकावरची यांना एक विचारायचे आहे. आम्ही दोन-चार जण घरात खरोखर पाण्यासाठी रांजण ठेवायला तयार आहोत. वडिलांच्या हातचा मिळेल का, आणि कधी यावे?

चाकावरची:

वडील करतील, भावाने शेजारी बसून पाहावे एवढीच माझी अट आहे. दिवाळीनंतर या, त्याआधी घट आणि पणत्यांच्या घाईत कोणाला मान वर करायला वेळ नसतो. रांजण सावकाश वाळावा लागतो, म्हणून मागणी महिनाभर आधी कळवा आणि निम्मे पैसे आगाऊ द्या. आव्यात तडकला तर दुसरा करून देऊ, पण त्याला पुढच्या आव्याची वाट पाहावी लागेल. नेताना टेम्पोत पेंढा घालून आणा, गाडीच्या डिकीत रांजण मावत नाही.

तिरकस:

माझाही एक धरा. किंमत रांजणभर धान्यात दिली तर चालेल का?

चाकावरची:

चालेल. आंबेमोहोर आणा, रेशनचा तांदूळ घेत नाही.

अलिबागहूनच_आलोय:

तिरकस, रांजणात किती मावते हे आधी विचारून घ्या. आम्ही पोपटीच्या मडक्यावरच थांबतो.